आयटी सोडून शाळेत शिकवायचंय? पहिल्या शनिवारपासून पहिल्या वर्गापर्यंतची वाट

मला येणाऱ्या मेसेजमध्ये पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो, बी.एड. कुठून करू? विचारणारे बहुतेक तिशीतले, आयटीतले नाहीतर बँकेतले, पगार चांगला, घराचा हप्ता चालू, आणि रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो असं सांगणारे. मी स्वतः हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होते, आता पुण्यातल्या एका शाळेत सहावी ते नववीला गणित शिकवते. या सगळ्यातली माहिती इतक्या ठिकाणी विखुरलीये की नवीन माणूस अर्ध्यातच दमतो, म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते. बी.एड. हा बराच नंतरचा प्रश्न आहे. शिक्षक होण्याची कल्पना सगळ्यांनाच आवडते, पण शिक्षकाचा साधा मंगळवार तुम्हाला आवडतो का हे आधी बघायचं. समाधान मिळालं तर त्या मंगळवारातच मिळतं, त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्या अजिबात गाळू नका.

१. नेमकं काय नकोसं झालंय ते लिहून काढा

खरंच कागद घ्या. एका बाजूला आत्ताच्या नोकरीत जे जे खुपतं ते सगळं लिहा. मॅनेजर, रात्रीचे कॉल, वाकडच्या चौकातलं ट्रॅफिक, अप्रेझल, बेंचवर बसायची भीती, जे मनात येईल ते. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा की कंपनी बदलली किंवा टीम बदलली तर हे जाईल का. ज्यांच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी तशा जाणाऱ्या असतात त्यांना मी मनापासून सांगते, आधी कंपनी बदला, शाळेत येऊ नका, कारण कटकटीचे वरिष्ठ शाळेतही असतात आणि शाळेत कामाचा ढीग घरीसुद्धा येतो.

दुसऱ्या बाजूला हे लिहा की कुणी न सांगता तुम्ही काय करता. ऑफिसात नवीन आलेल्या पोराला एखादी गोष्ट समजावताना तासभर कसा गेला कळत नाही? भाच्याचा अभ्यास घ्यायला तुम्हालाच बोलावतात आणि तुम्ही कंटाळत नाही? असं काही सापडलं तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. "मला समाजासाठी काहीतरी करायचंय" ही भावना चांगलीच आहे, पण तेवढ्यावर रोज चाळीस मुलांच्या वर्गात उभं राहता येत नाही, सातवा तास सुरू होतो तेव्हा मुलं आणि विषय दोन्ही आवडत असावे लागतात.

२. नोकरीत असतानाच शिकवून बघा, निदान सहा महिने

राजीनामा न देता, दर शनिवारी, एकाच गटाला. महिन्यातून एकदा जाऊन खाऊ वाटून फोटो काढून येणं यात धरू नका. तीच मुलं, तोच विषय, आठवड्यामागून आठवडे. मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' सारख्या संस्थेकडे विचारा, आकांक्षा फाउंडेशन पुण्या-मुंबईत महापालिकेच्या शाळा चालवतं तिथे स्वयंसेवक लागतात का बघा, जवळच्या मनपा शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, नाहीतर सोसायटीत काम करणाऱ्यांची मुलं गोळा करा. पुस्तकांसाठी खर्च नाही, बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, शालेय शिक्षणाच्या सरकारी दीक्षा ॲपवर व्हिडिओ आहेत.

आता काय बघायचं ते सांगते. तिसरी-चौथीच्या एखाद्या मुलीला ५२ मधून १७ वजा करायला द्या. हमखास कुणीतरी ४५ लिहितं. आपण लगेच म्हणतो, "चुकलं, हातचा घे." पण थांबा आणि तिला विचारा, कसं केलंस ते सांग बरं. ती सांगेल, सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. म्हणजे तिने अंदाजाने काही लिहिलेलं नाही, तिच्याकडे एक नियम आहे, मोठ्यातून लहान वजा करायचा, आणि तो तिने अगदी प्रामाणिकपणे पाळलाय. वर कोण आणि खाली कोण याचा तिच्यासाठी काही संबंधच नाही. मग तुम्ही काड्यांचे गठ्ठे घेता, दहाचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन, आणि म्हणता यातून सतरा काड्या मला दे. ती सुट्या दोन देते, अडते, तुमच्याकडे बघते, आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढते.

हे बघताना तुम्हाला आतून मजा आली, पुढच्या शनिवारी अपूर्णांकात ती कुठे अडेल याचा विचार बुधवारी मीटिंगमध्ये बसल्याबसल्या यायला लागला, तर हे काम तुमचं आहे असं मी म्हणेन. आणि "इतकं सोपं का येत नाही" अशी चिडचिड होत असेल, तिसऱ्या महिन्यातही तशीच होत असेल, तर तेही खरं उत्तर आहे आणि नोकरी न सोडता मिळालंय.

या सहा महिन्यांत आणखी एक करा. ओळखीतून एखाद्या शाळेत परवानगी काढा आणि एक आख्खा दिवस, प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत, शिक्षकाच्या मागे मागे फिरा. ऑफ तासाला दुसऱ्याच्या वर्गावर जावं लागतं, वह्यांचे गठ्ठे तपासायचे असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते, कुणाच्या तरी नाकातून रक्त येतं, कुणाचे वडील भेटायला येतात. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये निवडणूक आणि जनगणनेची कामंसुद्धा येतात, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामं शिक्षकांना द्यायची मुभा ठेवलेली आहे. हे सगळं बघूनही यावंसं वाटलं पाहिजे.

आणि वर्गशिक्षक होणं हा एकच रस्ता नाही हेही इथेच लक्षात घ्या. अरविंद गुप्तांचं उदाहरण पुण्यातल्या लोकांना माहीत असतं. आयआयटी कानपूरचे १९७५ चे इंजिनियर, टेल्कोत नोकरी, मग होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले, आणि काड्यापेटीच्या काड्या, व्हॉल्व ट्यूब, रद्दी यातून विज्ञानाची खेळणी करायला शिकवत राहिले, नंतर आयुकाच्या (पुण्यातलं खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र) आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काम केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. शाळेच्या हजेरीपटावर नाव न घालता केलेलं हे शिक्षणाचंच काम आहे. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला क्वेस्ट ही शिक्षणात काम करणारी संस्था आहे, फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे, अशा जागी काय चालतं ते वाचा, जमलं तर जाऊन बघा. कुणाला अभ्यास साहित्य तयार करणं जमतं, कुणाला शिक्षकांचं प्रशिक्षण. टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप आहे, तिला बी.एड. लागत नाही आणि मानधन मिळतं, ज्यांना वर्गाचा खरा अनुभव घेऊन मग ठरवायचंय त्यांच्यासाठी ती चांगली वाट आहे.

३. कुठल्या इयत्तेला आणि कुठल्या प्रकारच्या शाळेत, हे बी.एड.च्या आधी ठरवा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून नीट वाचा.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड. चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय, त्या वर्गांसाठी डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) लागतं. लहान मुलांमध्ये रमणारे कित्येक जण दोन वर्षं बी.एड.ला घालवतात आणि नंतर हे कळतं.

सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड., म्हणजे बी.ई. झालेल्या माणसाला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचं तर आधी एम.एस्सी. लागणार.

इंजिनियर लोकांनी आणखी एक बघायचं. बी.एड.च्या प्रवेशाला बी.ई./बी.टेक. चालतं, पण गुणांची अट ५५ टक्के आहे, इतर पदवीधरांना ५० (राखीव गटांना सवलत आहे). प्रवेश मिळाला म्हणजे प्रत्येक भरतीला पात्र झालो असं मात्र नाही. केंद्रीय विद्यालयासारख्या ठिकाणी टीजीटीच्या (प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या) जाहिरातीत पदवीला नेमके कुठले विषय होते याची काटेकोर अट असते आणि तिथे बी.ई.वाले अडतात. आपल्याला जिथे जायचंय तिथली मागच्या भरतीची जाहिरात काढा आणि शब्दन् शब्द वाचा.

वयाचंही तसंच. राज्यातल्या भरतीला सर्वसाधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही कमाल मर्यादा धरतात, केंद्रीय विद्यालयात टीजीटीला ३५. तुम्ही आज ३६ चे असाल तर बी.एड. संपेपर्यंत सरकारी दार जवळजवळ बंद झालेलं असेल, मग पहिल्यापासूनच खासगी शाळा डोळ्यासमोर ठेवून चाला. खासगी शाळांना वयाची अडचण सहसा नसते, उलट गणित-विज्ञानाला कामाचा अनुभव असलेला माणूस त्यांना हवा असतो.

शाळांचे प्रकार थोडक्यात असे: जिल्हा परिषद आणि महापालिका, अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित, आणि सीबीएसई, आयसीएसई, आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या खासगी शाळा. पगाराची हमी अनुदानितपर्यंत शासनाची, त्यापुढे संस्थेची मर्जी. "आमचं अनुदान लवकरच येतंय" हे वाक्य ऐकून कुठेही थांबू नका, त्या एका वाक्यावर उमेदीची वर्षं घालवलेले शिक्षक प्रत्येक तालुक्यात भेटतात.

४. पैशाचा हिशोब, घरच्यांना सोबत घेऊन

हा हिशोब एकट्याने करू नका. नवरा, बायको, आईवडील, ज्यांचं जगणं तुमच्या पगाराशी बांधलंय त्यांना टेबलाशी बसवा आणि आकडे समोर ठेवा, कारण "मला आनंद मिळत नाहीये" हे वाक्य ऐकून घरचे घाबरतात, आकडे बघून बोलायला लागतात. माझ्याकडे सासऱ्यांची काळजी आजारपणाच्या खर्चाची होती, ती बोलून दाखवली म्हणून त्यावर उपाय काढता आला.

उदाहरण म्हणून धरा, घरखर्च महिन्याला ४५,००० आणि जोडीदाराच्या पगारातून २५,००० भागतात. तूट २०,०००. बी.एड.चे २४ महिने आणि नोकरी शोधायचे ६, असे ३० महिने, म्हणजे ६ लाख. त्यात कॉलेजची फी, वर्षाचा विमा, आणि अडीनडीला निदान एक लाख. घराचा हप्ता या ४५,००० मध्ये धरलाय ना ते दोनदा तपासा. हा पैसा एफडीत किंवा लिक्विड फंडात, शेअरमध्ये नाही.

आणि तो हिशोब नोकरी लागली की संपत नाही. राज्यात शिक्षणसेवक म्हणून लागलात तर पहिली तीन वर्षं मानधन असतं, २०२३ च्या वाढीनंतर प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. बऱ्याच छोट्या खासगी शाळा यापेक्षाही कमी देतात. हे आकडे आजच घरात मोठ्याने वाचा.

पीएफ काढू नका. सलग पाच वर्षं सेवा व्हायच्या आत काढला तर कर लागतो, आणि पुढची शाळा पीएफ भरणारी असेल तर त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर होतो. पेन्शन योजनेत १० वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर राजीनाम्याची तारीख त्या हिशोबाने बघा, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा म्हणजे आधीची सेवा पुढे जोडता येते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, चार वर्षं आणि काही महिने झालेले असताना घाई करून जाणारे लोक मी पाहिलेत, फार हळहळ वाटते.

आरोग्य विमा तर सगळ्यात महत्त्वाचा. कंपनीचा ग्रुप विमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का तेही एचआरला विचारा, त्याला मुदत असते, निघाल्यावर विचारून उपयोग नाही.

५. सीईटी आणि कागदपत्रं

राज्यात बी.एड.चा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते, फॉर्म भरतानाच तो पर्याय निवडायचा. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीच्या आसपास निघतात, परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास, आणि प्रवेशाच्या फेऱ्या त्यानंतर बऱ्याच लांबतात. तयारीला दोन-तीन महिने रोज तासभर पुरतो, क्लास लावायची गरज मला तरी वाटत नाही.

कागदपत्रं मात्र आजपासून जमवायला घ्या:

- दहावी, बारावी आणि पदवीची गुणपत्रकं, सगळ्या सेमिस्टरची, आणि पदवी प्रमाणपत्र
- शाळा/कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन
- गॅपचं प्रतिज्ञापत्र (पदवीनंतरची वर्षं काय केलं ते), सोबत अनुभवाची पत्रं
- अधिवास प्रमाणपत्र
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस
- आधार, फोटो, सही, सगळं स्कॅन करून
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र

या शेवटच्या ओळीवर जरा थांबते. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गाळलेलं, असं आपल्यातल्या कितीतरी जणींचं असतं. सीईटीच्या फॉर्ममध्ये एक नाव, टीईटीत दुसरं असं झालं की पुढे भरतीच्या पडताळणीत डोकं पिकतं. एक नाव ठरवा, शक्यतो दहावीच्या प्रमाणपत्रावरचं, आणि पुढचा प्रत्येक फॉर्म त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने भरा.

कॉलेज निवडताना एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आहे का बघा आणि खासगी विनाअनुदानित कॉलेज असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी त्यांच्या साइटवर बघून जा. त्याच्या वर "डेव्हलपमेंट"च्या नावाखाली रोख मागत असतील तर दुसरं कॉलेज बघा.

६. "न जाता बी.एड." च्या नादाला लागू नका

हा वेगळा मुद्दा केलाय कारण आयटीतल्या लोकांना हाच मोह होतो. नोकरी चालू ठेवून बी.एड. होईल असं सांगणारे एजंट खूप आहेत, परराज्यातलं कॉलेज, फक्त परीक्षेला जायचं, हजेरी आम्ही बघतो. नियम काय आहे तर बी.एड. दोन वर्षांचं, वर्गातल्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, आणि दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात. हे पुण्यात डेस्कवर बसून होत नाही. उद्या कागदपत्रांच्या पडताळणीत एकाच तारखांना तुमचं पीएफ कंपनीत भरलं जातंय आणि हजेरी दुसऱ्या राज्यात आहे हे दिसलं तर पदवीही जाते आणि नोकरीही.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं आणि इग्नूचं दूरस्थ बी.एड. आहे, ते पूर्ण मान्य आहे, पण ते आधीच अध्यापनाचं प्रशिक्षण झालेल्यांसाठी आहे, उदाहरणार्थ डी.एल.एड. करून प्राथमिकला शिकवणाऱ्यांसाठी. थेट कंपनीतून आलेल्या माणसाला तिथे प्रवेश मिळत नाही, त्यामुळे तिथे फॉर्मचे पैसे घालवू नका.

७. राजीनामा कधी द्यायचा

खरी अडचण अशी की बहुतेक आयटी कंपन्यांत नोटीस ९० दिवसांची, आणि कॉलेज अलॉट झालं की जाऊन प्रवेश घ्यायला मोजके दिवस. राजीनामा आधी दिला आणि कॉलेज मिळालं नाही तर वर्ष हातातून जातं, नंतर दिला तर कॉलेज सुरू होऊन महिने उलटतात.

सीईटीचा निकाल आला की मागच्या वर्षीचे कटऑफ काढा, ते सीईटी कक्षाच्या साइटवर असतात. तुमचे गुण त्यापेक्षा बरेच वर असतील तर पहिल्या फेरीच्या आधीच मॅनेजरशी तोंडी बोलून ठेवा, खरं कारण सांगून. स्पर्धक कंपनीत जात नाही हे कळलं की लोक बऱ्यापैकी मदत करतात, नोटीस कमी होते, उरलेल्या रजा त्यात वळवता येतात. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून निघावं लागलं तर ती रक्कम चौथ्या पायरीतल्या हिशोबात आधीच धरलेली हवी. गुण काठावर असतील तर अलॉटमेंट हातात येईपर्यंत कुठेच काही बोलू नका. बाहेर पडताना रिलीव्हिंग लेटर, अनुभव प्रमाणपत्र, फॉर्म १६, शेवटच्या वर्षाच्या सॅलरी स्लिप आणि यूएएनला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, एवढं बघूनच लॅपटॉप परत करा.

आणि भांडून निघू नका. तुमचे जुने सहकारी पुढे शाळेला जुने कॉम्प्युटर देतात, मुलांशी बोलायला येतात, आमच्या शाळेत आलेत.

८. बी.एड.ची दोन वर्षं

तुमच्या बाकावर बाविशीतली मुलंमुली असतील, त्यांना लिहायची सवय ताजी असते. सूक्ष्म अध्यापनात पाच-सात मिनिटांचा पाठ घ्यायचा असतो, एकच कौशल्य, समोर मुलांच्या जागी आपलेच मित्र. मग पाठ टाचणं, म्हणजे प्रत्येक पाठाची लेखी आखणी, हाताने लिहिलेली, ढीगभर. बरेच जण जुनी टाचणं उतरवून काढतात. तुम्ही तसं करू नका, कारण प्रश्न कुठला विचारायचा, फळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात काय लिहायचं, उदाहरण कुठलं घ्यायचं हे आधी कागदावर ठरवायची सवय इथेच लागते आणि नोकरीत तीच उपयोगी पडते.

इंटर्नशिपची शाळा निवडायला मिळाली तर सोपी, घराजवळची बघू नका. जिथे एखादे चांगले शिक्षक आहेत असं कानावर आलंय ती बघा आणि त्यांच्या वर्गात मागे बसायची परवानगी मागा.

९. टीईटी, टेट आणि पवित्र पोर्टल

नावं सारखी असल्याने सगळे गोंधळतात. टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट म्हणजे टीएआयटी, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही भरतीसाठीची.

टीईटी राज्याची असते, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. १५० प्रश्न, अडीच तास, ६० टक्के म्हणजे ९० गुणांना पास, चुकीला गुण कापत नाहीत, एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. सीटीईटीत भाषा म्हणून मराठी निवडता येते. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, त्यात गणित-विज्ञानाला ६० गुण आहेत म्हणजे इंजिनियरचं अर्धं काम तिथेच होतं, पण बालमानसशास्त्राचे ३० गुण हलके घेऊ नका. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात असतानाच देऊन टाका. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या शिक्षकांनासुद्धा टीईटी पास व्हायला सांगितलंय, त्यामुळे यातून सुटका आहे असं समजू नका.

टीएआयटी २०० गुणांची, दोन तासांची. आणि ती दरवर्षी होत नाही, २०१७ ला झाली, मग २०२३ ला, मग २०२५ ला. म्हणून केवळ सरकारी भरतीच्या भरवशावर नोकरी सोडू नका असं मी इतकं ठासून सांगते. निकालानंतर शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा, खासगी अनुदानित संस्थांमध्ये मुलाखतीसह पर्याय असतो. पोर्टल टाळून "जागा आहे, इतके लाख द्या" असं कुणी म्हणालं तर उठून या. तसली नेमणूक शिक्षण विभागाच्या मान्यतेत अडकते, शालार्थ आयडी मिळत नाही, आणि तो नसेल तर पगारच निघत नाही.

१०. खासगी शाळेची मुलाखत

या भरत्या बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात. डेमो लेसन घ्यायला सांगतात, पंधरा-वीस मिनिटं. पीपीटी नेऊ नका. खडू, एक प्रश्न, आणि मुलांना बोलतं करणं एवढं पुरतं. आयटीतला माणूस शाळेत का येतोय हे विचारतातच, तेव्हा मोठं भाषण न करता शनिवारच्या मुलांबद्दल सांगा, कोण कुठे अडलं आणि तुम्ही काय केलं. ते ऐकल्यावर मुख्याध्यापकांना काय ते कळतं.

तुम्हीही विचारा. वर्गात मुलं किती, आठवड्याला तास किती, पीएफ भरता का, मे महिन्याचा पगार देता का (हे नक्की विचारा), पगार बँकेत पूर्ण जमा होतो का. खात्यात एक रक्कम टाकून त्यातली काही रोख परत मागायची पद्धत काही ठिकाणी चालते, आणि मूळ प्रमाणपत्रं "ऑफिसात जमा" करून घ्यायचीही. दोन्हीला नाही म्हणा, प्रमाणपत्रं दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घरी आणा. नेमणुकीचं पत्र लेखी हवं, त्यात पद, पगार आणि परिविक्षेचा काळ लिहिलेला हवा.

११. पहिलं वर्ष

पहिले दोन महिने संध्याकाळी बोलायचीही ताकद राहत नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. घसा बसतो, मोठ्याने ओरडून शिकवायची गरज नसते, वर्ग गप्प होईपर्यंत शांत उभं राहायला शिका आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवा. पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यांची नावं पाठ करा, "ए तू, मागचा" म्हटलं की तो मुलगा वर्षभर मागचाच राहतो.

पहिल्या घटक चाचणीत निम्मा वर्ग नापास झाला तर पोर्शन थांबवून मागे जा, सातवीच्या मुलांना चौथीचा भागाकार शिकवावा लागला तरी शिकवा, आणि पर्यवेक्षकांना तपासलेले पेपर दाखवून तसं आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर पोर्शन मागे का असं कुणी विचारत नाही. शाळेतल्या अनुभवी बाईंना किंवा सरांना महिन्यातून एकदा तुमच्या तासाला मागे बसायला बोलवा. पालकसभेत प्रत्येक पालकाला आधी त्यांच्या मुलाला काय येतं ते सांगा, मग काय राहिलंय ते. गणिताच्या बाईंकडून "हिला काय येतं" हे ऐकायची पालकांना सवय नसते, त्यानंतर ते घरी अभ्यासाला बसवायचं मनावर घेतात, माझ्या वर्गात तरी दरवर्षी हा फरक दिसतो.